चेतापेशी नसलेला प्राणी प्रतिसाद कसा देतो? सागरी स्पंज आणि त्यांच्या पेशी

खारवारा (धागाकर्ती)

शाळेच्या पाठ्यपुस्तकात स्पंजांच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान येते. रंध्रीय प्राणीसंघ, अंगभर छिद्रे, कॉलर पेशी, कंटिका (सांगाड्यातील सूक्ष्म सुया), स्थानबद्ध जीवन आणि पुनरुद्भवनाची (तुटलेले शरीर पुन्हा घडवण्याची) मोठी क्षमता एवढे शब्द पाठ झाले, की आपण पुढच्या संघाकडे वळतो. प्राणिशास्त्र शिकवताना मीही बरीच वर्षे तसेच केले. पुढे सवडीने वाचू लागल्यावर लक्षात आले, की त्या 'पुनरुद्भवन' या एका शब्दाच्या आड पेशीविज्ञानातील काही अतिशय सुंदर प्रयोग दडलेले आहेत. त्यांच्याविषयी इथे सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी शरीररचना. स्पंजाला तोंड, जठर, हृदय, स्नायू आणि चेतासंस्था यांपैकी काहीही नसते. शरीराच्या पृष्ठभागावरील ऑस्टिया नावाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येते, नलिकांच्या जाळ्यातून गोलसर कक्षांपर्यंत पोहोचते आणि ऑस्क्युलम नावाच्या मोठ्या मुखातून बाहेर पडते. या कक्षांच्या भिंती कॉलर पेशींच्या बनलेल्या असतात. प्रत्येक कॉलर पेशीला एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा तंतू, असते आणि तिच्याभोवती सूक्ष्मांकुरांचे गाळणीसारखे कडे असते. कशाभिका हलते तसे पाणी सरकते, आणि त्यातील जीवाणू व बारीक अन्नकण त्या कड्यावर अडकतात. एकट्या पेशीचा रेटा नगण्य असतो, परंतु अशा असंख्य पेशी अहोरात्र काम करतात आणि स्पंज दिवसाकाठी स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो. या प्रवाहाकडे 1825 च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट यांनी बारकाईने पाहिले आणि तोपर्यंत वनस्पती की प्राणी अशा वादात अडकलेल्या स्पंजाची प्राण्यांमधील जागा पक्की होऊ लागली. 'पोरिफेरा' हे नावही त्यांचेच.

बाहेरची त्वचा आणि आतील कक्ष यांच्यामध्ये जेलीसारखा थर असतो. त्याला मेसोहिल म्हणतात. माझ्या मते स्पंजाचे खरे जीवन या थरात चालते. त्यात आर्किओसाइट नावाच्या मोठ्या, अमीबासारख्या पेशी सतत फिरत असतात. कॉलर पेशींनी पकडलेले अन्न त्या इतरत्र पोहोचवतात आणि गरज पडली तर कंटिका घडवणाऱ्या, तंतू विणणाऱ्या किंवा आवरण तयार करणाऱ्या पेशींत त्यांचे रूपांतर होते. आपल्या शरीरात यकृताची पेशी आयुष्यभर यकृताचीच राहते. स्पंजात मात्र पेशीचे काम ही तिची कायमची ओळख नसते. कॉलर पेशीसुद्धा आपली कशाभिका आणि कडे टाकून देऊन आर्किओसाइट होऊ शकते, हे ग्रेट बॅरियर रीफवरील अँफिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजात थेट पाहिले गेले आहे.

आता मूळ प्रयोगाकडे येते. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना किनाऱ्यावर मायक्रोसिओना प्रोलिफेरा या तांबड्या-नारिंगी स्पंजाचे तुकडे बारीक रेशमी कापडात घेऊन पिळले. कापडातून खाली आलेल्या पाण्यात सुट्या पेशी आणि पेशींचे लहान पुंजके होते. शरीर म्हणावे असे काही उरले नव्हते. त्या पेशी भांड्याच्या तळाशी बसल्या, अमीबासारख्या सरकू लागल्या, भेटेल त्या पेशीला चिकटू लागल्या आणि त्यांचे लहान गोळे झाले. काही दिवसांत त्या गोळ्यांवर आवरण आले, आत कक्ष आणि नलिका तयार झाल्या, आणि पाणी खेचणारे नवे स्पंज उभे राहिले. शरीर मोडून पडले तरी पेशींना ते पुन्हा उभारता आले.

हे वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आलेला प्रश्न आजही तितकाच ताजा आहे: सुटी झालेली पेशी 'आपली' पेशी ओळखते तरी कशी?

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी 1960 च्या दशकात मिळाले. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम वगळलेल्या समुद्रजलात स्पंज ठेवला, तर तो न पिळताही सुटा होतो. हम्फ्रीज आणि मॉस्कोना यांनी दाखवून दिले, की अशा वेळी पेशींच्या पृष्ठभागावरून एक मोठा रेणू पाण्यात उतरतो. पाणी थंड ठेवले आणि तो रेणू काढून घेतला, तर पेशी जवळ असूनही चिकटत नाहीत. तो रेणू आणि कॅल्शिअम परत दिले, की त्या एकत्र येतात. या रेणूला संकलन घटक असे नाव पडले. तो प्रथिने आणि शर्करासाखळ्या यांचा बनलेला आहे. मायक्रोसिओनामधील घटक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध कडे आणि भोवती किरणांसारख्या भुजा अशा सूर्याच्या आकाराचा दिसतो. त्याच्या काही शर्करासाखळ्या पेशीला पकडतात, तर काही शेजारच्या घटकावरील तशाच साखळ्यांना कॅल्शिअमच्या मदतीने धरतात. म्हणजे इथे ओळख पटवण्याच्या कामात प्रथिनांइतकाच शर्करेचाही वाटा आहे. पेशींवरील शर्करेकडे आपण शिकवताना फारच कमी लक्ष देतो, असे मला नेहमी वाटते.

स्पर्श, गढूळ पाणी, जखम, तापमान आणि जंतुसंसर्ग यांना स्पंजाच्या पेशी कसा प्रतिसाद देतात, याविषयी पुढील प्रतिसादांत लिहीन. कोणाला त्यांपैकी एखाद्या विषयाची माहिती असेल, तर माझी वाट न पाहता जरूर लिहावे.

---

दीपमाळ

लेख अतिशय आवडला. शाळेत असताना स्पंज हा 'प्राणी' आहे हे मी केवळ गुणांसाठी मान्य केले होते, मनाला ते कधी पटले नव्हते.

एक शंका आहे. पेशी सुट्या होऊन पुन्हा एकत्र येत असतील, तर स्पंजाला एक प्राणी म्हणावे की एकत्र राहणाऱ्या पेशींची वसाहत म्हणावे? स्वतंत्रपणे जगणाऱ्या एकपेशीय सजीवांतही असे कडे आणि कशाभिका असलेल्या पेशी असतात, असे कुठेतरी वाचल्याचे आठवते.

---

खारवारा

दीपमाळ, तुम्हाला आठवते ते बरोबर आहे. त्या एकपेशीय सजीवांना कोएनोफ्लॅजेलेट म्हणतात. कॉलर पेशींशी असलेले त्यांचे साम्य 1860 च्या दशकात हेन्री जेम्स-क्लार्क यांच्या लक्षात आले आणि त्यावरून स्पंज म्हणजे अशा सजीवांची वसाहत, असे मत त्यांनी मांडले. कोएनोफ्लॅजेलेट हे प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातेवाईक आहेत, हे आज जनुकांच्या तुलनेतूनही सिद्ध झाले आहे.

तरीही 'वसाहत' हा शब्द मला अपुरा वाटतो. वसाहतीतील पेशी वेगळी झाली तर एकटीने आयुष्य काढू शकते. स्पंजाची सुटी पेशी मात्र फार काळ एकटी तग धरत नाही. 1998 मध्ये सुबेराइटिस डोमुन्क्युला या सागरी स्पंजावर काम करणाऱ्या गटाला हाच अनुभव आला. सुट्या पेशी विभाजन थांबवत होत्या. त्यांना एकत्र येऊन गोळे बनवू दिल्यावर, म्हणजे इतर पेशींचा स्पर्श मिळाल्यावरच, त्या पुन्हा विभाजित होऊ लागल्या. या गोळ्यांना प्रिम्मॉर्फ म्हणतात आणि स्पंजांच्या पेशींवरील पुष्कळ प्रयोग पुढे त्यांच्यावरच झाले. ज्या पेशीला विभाजनासाठी शेजाऱ्याचा स्पर्श लागतो, ती पूर्ण अर्थाने एका शरीराची पेशी आहे, असे मी मानते.

---

पेशीवेध

चर्चा उत्तम चालली आहे. एक दुरुस्ती मात्र आवश्यक वाटते.

विल्सन यांच्या प्रयोगाविषयी लिहिताना बहुतेक लेखक पुढचे वाक्य असे लिहितात, की दोन भिन्न जातींच्या पेशी मिसळल्या तर त्या नेहमीच जातीनुसार वेगळ्या होतात. धागाकर्तीने तसे लिहिलेले नाही, परंतु वाचक तसा निष्कर्ष काढण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात हे जातींच्या जोडीवर अवलंबून असते. काही जोड्यांमध्ये दोन रंगांचे गोळे स्पष्टपणे वेगळे होतात, तर काहींमध्ये मिश्र गोळे बनतात आणि त्यांतील पेशी नंतर सावकाश अलग होतात. शिवाय चिकटण्याचा वेग, पेशींची हालचाल आणि संकलन घटकाची निवड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ शेवटचे चित्र पाहून सगळे श्रेय ओळखीला देणे योग्य नाही.

ओळखीचा अधिक काटेकोर पुरावा हवा असेल तर एकाच जातीच्या दोन व्यक्तींकडे पाहावे. 1979 मध्ये हिल्डमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिस्पाँजिया डिफ्यूझा या स्पंजाचे तुकडे एकमेकांना जोडून ठेवले. एकाच स्पंजाचे दोन तुकडे एकजीव झाले. वेगवेगळ्या स्पंजांचे तुकडे आधी चिकटले, पण काही दिवसांनी संपर्काच्या रेषेवरील ऊती मरू लागल्या. त्याच जोडीला पुन्हा जोडले, तेव्हा हा नकार अधिक लवकर आला. प्रतिपिंडे आणि लसिकापेशी नसलेल्या प्राण्यात परकेपणाची अशी नोंद राहते, ही गोष्ट प्रतिरक्षेच्या इतिहासाचा विचार करताना फार महत्त्वाची आहे. अर्थात या प्रतिसादाला आपल्या अर्थाने स्मृती म्हणावे का, याविषयी मी सावध राहीन.

---

खारवारा

पेशीवेध, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितलेला फरक मी लेखातच स्पष्ट करायला हवा होता.

आता स्पर्श आणि गढूळ पाणी यांविषयी. स्पंज उपटायला गेले तर तो आकसतो, असे लोक सांगतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने करून ठेवली आहे. तोरोनी गावच्या लोकांना ते मान्य नाही, हेही त्याने लिहिले आहे. या वादाचा निकाल आकसण्याच्या बाजूने लागला. टेथिया विल्हेल्मा हा चेंडूसारखा छोटा स्पंज तर ठरावीक कालावधीने आपणहून आकसतो आणि पुन्हा फुगतो. या जातीचे वर्णन 2001 मध्ये झाले आणि तिचे नाव श्टुटगार्टच्या ज्या मत्स्यालयाच्या टाक्यांत ती सापडली त्यावरून पडले. स्नायू नसताना आकुंचन पावतात त्या पिनॅकोसाइट, म्हणजे शरीराचे आणि नलिकांचे अस्तर बनवणाऱ्या चपट्या पेशी. ग्लुटामेट आणि गॅबा हे आपल्या मेंदूत संदेशवहन करणारे रेणू स्पंजाच्या पाण्यात घातले तर या आकुंचनावर परिणाम होतो. नायट्रिक ऑक्साइडचाही होतो. चेतापेशी नाहीत, पण चेतापेशी वापरतात ती रसायने आहेत.

गोड्या पाण्यातील एफिडेशिया म्युलेरी या स्पंजात हा प्रतिसाद सर्वांत नीट तपासला गेला आहे, म्हणून विषय सागरी असूनही त्याचा उल्लेख करते. गाळाचे किंवा शाईचे कण आत गेले, की त्याच्या नलिका आधी फुगतात आणि मग आकुंचनाची लाट त्यांच्यातून सरकत जाते. परिणामी अडकलेला कचरा ऑस्क्युलममधून बाहेर ढकलला जातो. ऑस्क्युलमच्या आतील पेशींवर न हलणाऱ्या लहान पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) असतात आणि प्रवाहातील बदल त्या टिपतात, असे 2014 मध्ये दिसून आले. ऑस्क्युलम कापून टाकला तर हा प्रतिसादच येत नाही.

सागरी स्पंजांमध्ये याहून वेगळी रीत आढळली. कॅरिबियन समुद्रातील ॲप्लिसिना आर्चेरी या नळीसारख्या स्पंजाचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हा स्पंज ज्या ऑस्टियांतून पाणी आत घेतो, त्याच छिद्रांतून श्लेष्मा, म्हणजे चिकट स्राव, बाहेर सोडतो, म्हणजे येणाऱ्या प्रवाहाच्या उलट दिशेने. श्लेष्मा पृष्ठभागावरून सरकत जातो, त्यात कचरा गोळा होतो, आणि मग स्पंज हळूच आकसून ते पुंजके झटकून टाकतो. ही जणू स्पंजाची शिंकच, आणि अशा एका शिंकेला 20 ते 50 मिनिटे लागतात. प्रवाळभित्तीवरील लहान प्राणी तो श्लेष्मा खाऊन टाकतात.

---

निरंतर

या सगळ्याला 'प्रतिसाद' म्हणताना आपण थोडी घाई करत आहोत का, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. लाजाळूची पानेही मिटतात. एका टोकाला मिळालेली माहिती दुसऱ्या टोकापर्यंत वेगाने पोहोचत नसेल, तर प्राणी म्हणून एकसंध प्रतिसाद झाला असे कसे म्हणता येईल?

---

तळशोध

निरंतर यांच्या प्रश्नाचे उत्तर काचस्पंजांमध्ये सापडते. हा माझ्या सर्वांत आवडीचा गट असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

काचस्पंजांचा सांगाडा सहा टोकांच्या सिलिका-कंटिकांचा असतो. यांतील बहुतेक जाती खोल, थंड पाण्यात राहतात. त्यांच्या ऊतींचा मोठा भाग स्वतंत्र पेशींचा नसतोच. असंख्य केंद्रके असलेला एकच सलग जीवद्रव्याचा पडदा संपूर्ण शरीरभर जाळ्यासारखा पसरलेला असतो. पाणी खेचणारी कडी आणि कशाभिकादेखील या जाळ्याशी जोडलेली असतात. पेशींच्या सीमा मध्ये येत नसल्यामुळे विद्युत संदेश जाळ्यातून विनाअडथळा जाऊ शकतो.

हे प्रत्यक्ष मोजणे अवघड होते, कारण ऊती इतक्या तलम असतात की त्यांत इलेक्ट्रोड टिकत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील रॅब्डोकॅलिप्टस डॉसोनी या स्पंजावर काम करणाऱ्या सॅली लीस आणि जॉर्ज मॅकी यांनी त्यावर काढलेला उपाय या धाग्याच्या सुरुवातीशी थेट जोडलेला आहे. त्यांनी स्पंजाची ऊती सुटी केली, तिचे पुन्हा गोळे होऊ दिले आणि ते गोळे स्पंजाच्या तुकड्यावर कलमासारखे बसवले. गोळे मूळ ऊतीत एकजीव झाल्यावर इलेक्ट्रोड लावायला भरीव जागा मिळाली. विल्सन यांचा प्रयोग इथे नव्वद वर्षांनी उपकरण म्हणून कामी आला.

1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत स्पष्ट क्रियाविभव, म्हणजे चेतापेशींत असतात तशा विद्युत संदेशाच्या लाटा, दिसले. कुठेही स्पर्श केला किंवा विद्युत धक्का दिला, की संदेश सर्व दिशांना पसरतो आणि संपूर्ण स्पंजातील कशाभिका थांबतात. पाण्याचा प्रवाह बंद पडतो. गढूळ पाणी आल्यावरही असेच घडते, त्यामुळे गाळ आत खेचला जात नाही. संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे 0.27 सेंटिमीटर आहे. आपल्या चेतातंतूंच्या तुलनेत हा वेग अतिशय कमी आहे, परंतु बसून राहणाऱ्या आणि केवळ पंप बंद करू पाहणाऱ्या प्राण्याला तो पुरेसा आहे. हा संदेश मुख्यतः कॅल्शिअमच्या प्रवाहावर चालतो.

लाजाळूशी केलेली तुलना मला अयोग्य वाटत नाही. तिथेही विद्युत संदेश असतोच. वेगाने संदेश पोहोचवण्याचा प्रश्न सजीवांनी एकापेक्षा अधिक मार्गांनी सोडवला आहे, आणि चेतापेशी हा त्यांतील एक मार्ग आहे.

कॅनडाच्या याच पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळावर काचस्पंजांच्या विस्तीर्ण भित्ती आहेत. अशा भित्ती ज्युरासिक काळाबरोबर संपल्या, असे समजले जात होते. 1987 मध्ये त्या जिवंत सापडल्या. तळावर जाळी ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीने उडणारा गाळ या स्पंजांचा पंप वारंवार बंद पाडतो आणि पंप बंद म्हणजे अन्न आणि प्राणवायू दोन्ही बंद. पेशीच्या पातळीवरील एक प्रतिसाद समजला तर संरक्षणाचे नियम किती अंतरावर लागू करायचे हे ठरवता येते, त्याचे हे उदाहरण आहे.

---

निरंतर

तळशोध, उत्तर पटले. ज्या स्पंजांमध्ये असे सलग जाळे नसते, त्यांच्यात विद्युत संदेश सापडला आहे का?

---

तळशोध

नाही. त्यांच्यात पेशींपासून पेशींपर्यंत रासायनिक संदेश पसरतो, आणि म्हणूनच त्यांचे आकसणे काही मिनिटे चालते. जनुकांच्या दृष्टीने मात्र त्यांचीही तयारी लक्षणीय आहे. अँफिमेडॉनच्या जनुकसंचाचे वाचन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आपल्या चेतापेशींच्या जोडणीत संदेश घेणाऱ्या बाजूची जी प्रथिने असतात त्यांपैकी अनेकांची जनुके त्यात आढळली.

2021 मध्ये स्पाँजिला या गोड्या पाण्यातील स्पंजाच्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. तेव्हा 18 प्रकारच्या पेशी ओळखता आल्या. त्यांतील एक प्रकार अन्न पकडणाऱ्या कक्षांत फिरतो, कॉलर पेशींकडे लांब बाहू पसरतो आणि त्याच्यात स्राव सोडण्याची यंत्रणा असते. या पेशी कॉलर पेशींना काही सांगत असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांना चेतापेशींचे पूर्वज ठरवण्याची घाई मी करणार नाही, कारण प्राण्यांच्या वंशवृक्षात सर्वांत आधी वेगळे झाले ते स्पंज की कंकतधर (जेलीसारखे पारदर्शक सागरी प्राणी), हाच वाद अजून चालू आहे.

---

रसायनी

माझा विषय औषधनिर्मिती असल्यामुळे त्या बाजूने थोडी भर घालतो. पळता न येणारा, कवच नसलेला प्राणी रसायनांच्या जोरावर टिकतो. 1950 च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळील एका स्पंजात काही न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखे रेणू, सापडली. त्यांच्यात नेहमीच्या शर्करेऐवजी ॲरॅबिनोज ही वेगळी शर्करा होती. पेशी अशा बनावट घटकाला खरा समजून डीएनएत ओवते आणि तिथेच साखळीची वाढ अडते. याच कल्पनेवरून सायटॅरॅबिन तयार झाले. 1969 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते. जपानमधील हॅलिकाँड्रिया ओकाडाई या स्पंजातून 1986 मध्ये ओळखल्या गेलेल्या हॅलिकाँड्रिन बी या रेणूच्या धर्तीवर एरिब्युलिन बनवले गेले. त्याला 2010 मध्ये मान्यता मिळाली.

मात्र 'स्पंजाचे रसायन' हा शब्दप्रयोग जपून करावा लागतो. अनेक स्पंजांच्या मेसोहिलमध्ये सहजीवी जीवाणूंची दाट वस्ती असते. काही जातींत ते शरीराच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भरतात. थिओनेला स्विनहोई या स्पंजातील बहुतेक प्रभावी रेणू एन्टोथिओनेला नावाच्या जीवाणूंकडून येतात, असे दिसून आले आहे.

---

दीपमाळ

मग इथेच एक विसंगती दिसते. जो प्राणी जीवाणू खाऊन जगतो, तो अंगातील जीवाणूंना का खात नाही?

---

पेशीवेध

हा या विषयातील अतिशय मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही. ज्ञात धागे असे आहेत.

1980 च्या दशकात स्पंजांना अन्नजीवाणू आणि त्यांचेच सहजीवी जीवाणू दोन्ही पाजून पाहिले गेले. अन्नजीवाणू पचले, सहजीवी मोठ्या प्रमाणात न पचता बाहेर आले. काही सहजीवींभोवती असलेले आवरण हे त्याचे एक कारण मानले गेले. दुसरे कारण प्रथिनांचे आहे. अनेक सहजीवी जीवाणूंच्या जनुकांत अँकिरिन या प्रथिनासारखे पुन्हा पुन्हा येणारे भाग असलेली प्रथिने आढळतात आणि ती भक्षण करणाऱ्या पेशीची यंत्रणा मंद करतात. 2019 मध्ये तर स्पंजांतील जीवाणुभक्षी विषाणूंमध्येही असेच एक प्रथिन सापडले. ते जीवाणूत घालून उंदराच्या भक्षकपेशींसमोर ठेवल्यावर त्या पेशींनी ते जीवाणू कमी प्रमाणात गिळले. म्हणजे स्पंज, जीवाणू आणि विषाणू असा तीन पक्षांचा करार असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या बाजूने स्पंजाच्या पेशींमध्येही जीवाणू ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. अँफिमेडॉनमध्ये पेशीच्या आत राहून जंतूंची चाहूल घेणाऱ्या एका कुळातील जनुके शंभराहून अधिक आहेत. माणसात याच कुळातील जनुके वीस-बावीसच आहेत. इतक्या विविध जीवाणूंना अंगावर बाळगणाऱ्या प्राण्याला निवड करण्यासाठी मोठा संच लागत असावा, असे मला वाटते.

---

निरंतर

समुद्राचे तापमान वाढत असताना हा करार टिकेल का?

---

पेशीवेध

एका जातीपुरते निश्चित सांगता येईल. ग्रेट बॅरियर रीफवरील ऱ्होपालोइडिस ओडोराबिली या स्पंजावर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 31 अंश सेल्सिअसपर्यंत सहजीवी जीवाणूंचा समूह स्थिर राहिला. 33 अंशांना तो काही दिवसांत कोलमडला, बाहेरचे जीवाणू शिरले आणि ऊती सडू लागल्या. दोन अंशांच्या अंतरात चित्र पूर्ण बदलले. उष्णतेचा ताण पडला की स्पंजाच्या पेशी इतर प्राण्यांप्रमाणेच प्रथिनांची घडी सांभाळणारी एचएसपी 70 सारखी प्रथिने वाढवतात. ते पुरेसे ठरले नाही, तर पेशींचा नियोजित मृत्यू सुरू होतो. त्यासाठी लागणारी जनुकेही स्पंजात आहेत. सर्व जाती इतक्या नाजूक नाहीत, त्यामुळे एका जातीवरून संपूर्ण संघाविषयी बोलणे टाळावे.

---

खारवारा

जखमेचा विषय राहिला होता. त्याआधी हॅलिसार्का सेरुलिया या कॅरिबियन स्पंजाची ओळख करून देते. प्रवाळभित्तीच्या कपारींत पातळ निळसर थरासारखा तो पसरलेला असतो. त्याच्या कॉलर पेशी सहा तासांहूनही कमी वेळात एक विभाजनचक्र पूर्ण करतात, असे 2009 मध्ये मोजले गेले. इतक्या वेगाने पेशी वाढत असतील तर स्पंजही झपाट्याने वाढायला हवा, परंतु तो जवळजवळ तेवढाच राहतो. जुन्या पेशी तो सतत पाण्यात टाकून देतो. सतत गाळण्याचे काम करणाऱ्या, विषारी आणि तीक्ष्ण कणांना रोज सामोरे जाणाऱ्या पेशी दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलून टाकणे त्याला परवडते. टाकलेल्या पेशी इतर प्राण्यांचे अन्न होतात. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ बहुतेक प्राण्यांना खाता येत नाहीत. ते स्पंजामार्फत अशा रीतीने पुन्हा अन्नसाखळीत येतात, हे 2013 मध्ये दाखवले गेले. पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात प्रवाळभित्ती समृद्ध कशी राहते, या जुन्या कोड्याचा हा एक महत्त्वाचा भाग आहे.

आता याच स्पंजाला जखम केली तर काय होईल? माझी अपेक्षा होती, की पेशींचे विभाजन आणखी वाढेल. प्रयोगात उलट दिसले. जखमेनंतरच्या पहिल्या काही तासांत तिथल्या कॉलर पेशींचे विभाजन बरेच घटले आणि नंतर पूर्ववत झाले. जखम आधी भरली ती आसपासच्या पेशी सरकून आल्यामुळे. नवीन पेशी तयार करण्यापेक्षा असलेल्या पेशींना नव्या कामावर लावणे, ही रीत इथेही दिसते.

---

दीपमाळ

शेवटची शंका. कॉलर पेशी आणि पाण्याचा प्रवाह नसलेला एखादा स्पंज आहे का? की ते नसेल तर स्पंज म्हणताच येणार नाही?

---

तळशोध

आहे, आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, मार्सेयजवळच्या एका पाण्याखालील गुहेत ॲस्बेस्टोप्ल्युमा हायपोजिया नावाचा छोटा स्पंज राहतो. गुहेतील स्थिर, थंड पाणी खोल समुद्राशी मिळतेजुळते असल्यामुळे खोल पाण्यातील कुळाचा हा प्राणी तिथे पाणबुड्यांच्या टप्प्यात सापडला. जाँ व्हासले आणि निकोल बूरी-एस्नो यांनी 1995 मध्ये त्याच्याविषयी लिहिले, तेव्हा स्पंजाच्या व्याख्येलाच धक्का बसला. याच्यात ऑस्टिया नाहीत, नलिका नाहीत, कॉलर पेशींचे कक्षही नाहीत. एका देठावर बारीक तंतूंचा पिसारा असतो आणि तंतूंवर आकड्यांसारख्या सूक्ष्म कंटिका असतात. पोहणारा लहान कवचधारी प्राणी त्यांत अडकला, की सुटत नाही.

तोंड आणि जठर नसलेला प्राणी त्याला खातो कसा? पेशी भक्ष्याकडे चालत येतात. आसपासच्या तंतूंमधील पेशी सरकत भक्ष्याभोवती जमतात, काही तासांत त्याला वेढून टाकतात, आणि मग प्रत्येक पेशी आपापला तुकडा आत घेऊन पचवते. काही दिवस त्या जागी पचनासाठीच एक तात्पुरता गोळा उभा राहतो. काम संपले की पेशी माघारी फिरतात, तंतू पुन्हा लांबतात, आणि भक्ष्याचे रिकामे कवच तेवढे गळून पडते.